गोळीबरोबर तपासणीही द्या : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : जिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत क्लोझापिन आणि लिथियम ही औषधे त्यांना लागणाऱ्या रक्ततपासण्यांसह, तसेच भूल देऊन केली जाणारी ईसीटी (विजेचा ‘शॉक’), उपलब्ध करण्याबाबत.

महोदय,

महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकारावरचे क्लोझापिन आणि बायपोलर आजारावरचे लिथियम ही दोन औषधे बाराही महिने मिळावीत आणि त्यांच्यासाठी करावी लागणारी रक्ततपासणीही तिथेच व्हावी, ही मागणी करण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. तिला नवी इमारत लागत नाही आणि कोट्यवधींचे यंत्रही लागत नाही. तरीही ती अनेक वर्षे पुरी झालेली नाही, आणि माझ्या मते याचे कारण पैशांच्या टंचाईपेक्षा एका समजुतीत आहे. औषध म्हणजे गोळी, आणि गोळी पुरवली की उपचार झाला, अशी ती समजूत आहे.

मी सरकारी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. आता निवृत्त होऊन मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे आणि अनेक वर्षांपासून तो क्लोझापिनवर स्थिर आहे. त्यामुळे औषधाच्या खिडकीसमोरची रांग मला माहीत आहे आणि काचपट्टीवरच्या पेशी मोजण्याचे कामही माहीत आहे. या दोन्ही गोष्टी एकमेकींशी किती घट्ट जोडलेल्या आहेत, हे आपल्या विभागाच्या लक्षात आणून देणे मला माझे काम वाटते.

सध्या मेंदूविज्ञानाच्या बातम्या पुष्कळ येतात, आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या असतात. २०१६ साली अमेरिकेतील हार्वर्ड आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी सी-४ नावाच्या जनुकाचा स्किझोफ्रेनियाशी असलेला संबंध उलगडला आणि किशोरवयात चेतापेशींमधील जोडण्यांची जी नैसर्गिक छाटणी होते, ती या आजारात गरजेपेक्षा अधिक होत असावी, या शक्यतेला पहिल्यांदा ठोस आधार दिला. २०२२ साली ७६ हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकीय नमुन्यांच्या अभ्यासातून या आजाराशी निगडित अशी जनुकसंचातील २८७ ठिकाणे नोंदली गेली. २०२४ मध्ये फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा, म्हणजे सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशींचा आणि त्यांच्या जोडण्यांचा, नकाशा प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आयआयटी मद्रासच्या केंद्राने मानवी गर्भाच्या मेंदूचा अतिसूक्ष्म त्रिमितीय नकाशा जगासाठी खुला केला. अशा कामाचा अभिमान वाटावा. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे अजून केवढा रस्ता बाकी आहे याचाही अंदाज येतो. या सगळ्या शोधांनंतरही स्किझोफ्रेनियाचे निदान रक्ताच्या थेंबावरून किंवा एमआरआयच्या चित्रावरून होत नाही. ते आजही रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलूनच करावे लागते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे २००२ ते २०१५ या काळात संचालक असलेले डॉ. थॉमस इन्सेल यांनी पद सोडल्यावर हे मोकळेपणाने मान्य केले. आपल्या कारकिर्दीत सुमारे २० अब्ज डॉलर खर्च झाले, उत्तमोत्तम शोधनिबंध निघाले, परंतु आत्महत्या कमी होणे, रुग्णालयात भरती व्हावे न लागणे किंवा रुग्ण सावरणे यांत फारसा फरक पडला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. इतक्या मोठ्या पदावर बसलेल्या माणसाने असे बोलणे दुर्मीळच.

नव्या औषधांचीही तीच गत आहे, असे मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम यांच्या संयुक्त औषधाला स्किझोफ्रेनियासाठी मान्यता दिली. साठ-सत्तर वर्षे या आजाराची जवळपास सगळी औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या ग्राहकांवर, म्हणजे ते रसायन पकडणाऱ्या पेशींवरील जागांवर, थेट काम करत आली; हे औषध वेगळ्या वाटेने, मस्कॅरिनिक नावाच्या दुसऱ्या ग्राहकांमार्फत काम करते. ही मोठी गोष्ट आहे. पण त्याच सुमारास जवळच्याच वाटेने जाणारे दुसरे एक औषध, एमराक्लिडिन, चाचणीत अपयशी ठरले, आणि २०२५ मध्ये झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम चालू औषधांना जोड म्हणून देऊन पाहिले तेव्हा ठरवलेला मुख्य निकष गाठता आला नाही. ज्यांच्यावर आधीची औषधे चाललीच नाहीत, अशा रुग्णांसाठी ते क्लोझापिनची जागा घेऊ शकते, असे अद्याप कोणी दाखवलेले नाही. तेव्हा ‘नवीन औषध येतंय, थोडं थांबा’ असा जो सल्ला कुटुंबांना आडून आडून मिळतो, त्याला आज तरी आधार नाही.

आता क्लोझापिनविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण खरा प्रश्न इथेच आहे.

स्किझोफ्रेनियाच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना नेहमीच्या औषधांचा पुरेसा गुण येत नाही. दोन वेगवेगळी औषधे योग्य मात्रेत, पुरेसे आठवडे देऊनही आवाज ऐकू येणे थांबत नाही, संशय जात नाही, माणूस घराच्या कोपऱ्यातून उठत नाही. अशा रुग्णांसाठी सिद्ध झालेले औषध आजही एकच आहे. क्लोझापिन पन्नासच्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले. १९७५ साली फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी एकदम घसरल्या, जंतुसंसर्ग झाला आणि आठ जण दगावले. औषध अनेक देशांतून बाजूला पडले. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेत डॉ. जॉन केन आणि सहकाऱ्यांनी अशाच हट्टी आजाराच्या रुग्णांवर चाचणी केली, तेव्हा क्लोझापिनने ३० टक्के रुग्ण सुधारले, तर जुन्या क्लोरप्रोमाझिनने अवघे ४ टक्के. त्यानंतर हे औषध परत आले. मात्र ठरलेल्या वेळी रक्त तपासण्याच्या अटीवर आले. पहिले सहा महिने दर आठवड्याला, पुढचे सहा महिने पंधरवड्याने, नंतर महिन्याला, असे अमेरिकेत पुढे ठरलेले वेळापत्रक होते. आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठीही २००२ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

म्हणजे क्लोझापिन प्रयोगशाळेने वाचवले. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, अहवालात पांढऱ्या पेशींची एकूण संख्या असते आणि त्यातल्या न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पेशींची टक्केवारी असते. त्या दोहोंचा गुणाकार केला की हवा असलेला आकडा मिळतो. सर्वसाधारणपणे तो एका मायक्रोलिटरला १,५०० च्या वर असला की औषध सुरू करता येते; तो १,००० च्या खाली गेला की थांबवून तातडीने पाहावे लागते. एवढेच गणित आहे. ही तपासणी आपल्या ग्रामीण रुग्णालयांत रोज डेंग्यू-तापाच्या रुग्णांसाठी होते. पण क्लोझापिनच्या रुग्णाचा नमुना वेगळा ओळखून त्याचा आकडा त्याच दिवशी औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याची पद्धत नाही. अहवाल कुठे चार दिवसांनी येतो, कुठे न्यूट्रोफिलचा रकाना कोराच असतो. मग डॉक्टर काय करणार? जे कोणीही सावध माणूस करेल, तेच ते करतात : क्लोझापिन सुरूच करत नाहीत. एकाऐवजी तीन जुनी औषधे एकत्र देतात, आणि रुग्ण अंग आखडून, लाळ गाळत, तरीही आवाज ऐकत बसून राहतो. मी डॉक्टरांना दोष देत नाही. तपासणीची खात्री नसताना हे औषध लिहिणे हा जुगार आहे.

२०२५ मध्ये अमेरिकेने या तपासणीची सक्तीची नोंदणी-योजना रद्द केली, ही बातमीही आपल्या विभागात पोहोचली असेल. तिचा अर्थ तपासणी अनावश्यक आहे असा कोणी काढू नये. कागदपत्रांच्या जाचामुळे औषध मिळण्यात अडथळे येत होते, म्हणून ती योजना गेली. तपासणी करावी ही शिफारस कायम आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील मोठ्या अभ्यासातून असेही दिसले आहे की, पेशी घसरण्याचा धोका पहिल्या १८ आठवड्यांत सर्वाधिक असतो आणि दोन वर्षांनंतर तो नगण्य होतो. राज्याने यातून शहाणा धडा घ्यायचा तर तो असा आहे : पहिले १८ आठवडे तपासणी अजिबात चुकता कामा नये, आणि वर्षानुवर्षे स्थिर असलेल्या रुग्णाला केवळ रक्तासाठी दर महिन्याला शंभर किलोमीटर एसटीने हेलपाटे घालायला लावू नयेत. आज नेमके याच्या उलट चालते. बद्धकोष्ठता, वजन आणि साखर या क्लोझापिनच्या नेहमीच्या तक्रारींकडेही त्याच भेटीत पाहता येईल; तुंबलेले आतडे जिवावर बेतू शकते, हे पुष्कळ घरांना कोणी सांगितलेलेच नसते.

आणखी एक गोष्ट साठ्याविषयी आहे. क्लोझापिन घेण्यात ४८ तासांहून अधिक खंड पडला, तर पूर्वीची मात्रा एकदम देता येत नाही. साडेबारा मिलिग्रॅमपासून, म्हणजे २५ च्या अर्ध्या गोळीपासून, पुन्हा चढत जावे लागते, आणि मधल्या काळात आजार पूर्वीपेक्षा जोराने उसळू शकतो. रक्तदाबाची गोळी दोन दिवस चुकणे आणि ही गोळी दोन दिवस चुकणे यात एवढे अंतर आहे. मागे एकदा एका सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर ‘साठा संपला, पुढच्या सोमवारी या’ असे उत्तर मिळाले. भावासाठी आम्ही बाहेरच्या दुकानातून गोळ्या घेतल्या. रांगेत आमच्या मागे आपल्या मुलासाठी आलेल्या एक बाई होत्या; त्या निमूटपणे परतल्या. खरेदी प्राधिकरणाने या एका औषधासाठी तरी किमान साठ्याची वेगळी पातळी ठरवून द्यावी.

लिथियमची कथा याहून जुनी आहे, आणि एका तंत्रज्ञाला ती विशेष जवळची वाटते. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम देऊन पाहिले व त्याचा गुण प्रसिद्ध केला. त्या काळात मनोविकारांची बहुतेक औषधे अशीच अवचित हाती लागली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या औषधांच्या शोधातून क्लोरप्रोमाझिन निघाले. आपल्या मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला, आणि त्याच वनस्पतीतले रेसर्पिन पुढे न्यूयॉर्कमध्ये डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांना दिले. वैद्यकातील मानाच्या लास्कर पुरस्काराच्या १९५७ च्या मानकऱ्यांत हे दोघेही होते. महाराष्ट्रात हे फारसे कोणाला आठवत नाही, म्हणून ओघात लिहिले. तर लिथियमबाबत लवकरच एक अडचण उभी राहिली : गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. केड यांचा पहिला रुग्णच पुढे लिथियमच्या विषबाधेने गेला. ते औषध टिकले, कारण १९५१ मध्ये मेलबर्नच्याच एडवर्ड ट्राउटनर आणि सहकाऱ्यांनी फ्लेम फोटोमीटरवर रक्तातील लिथियम मोजून दाखवले. ज्योतीत लिथियम किरमिजी रंग देते. त्या रंगाची तीव्रता मोजायची, एवढी ती पद्धत. आमच्या पिढीने सोडियम-पोटॅशियमसाठी हीच यंत्रे वापरली. आता त्यांची जागा रक्तातील क्षार मोजणाऱ्या इलेक्ट्रोलाइट ॲनालायझरने घेतली आहे, आणि त्यातल्या कित्येक यंत्रांना लिथियमचा इलेक्ट्रोड बसवता येतो. खरेदी करताना तो पर्याय कोणी मागत नाही, कारण मागणारा मानसोपचार विभाग आणि खरेदी करणारा विभाग एकमेकांशी बोलत नाहीत.

उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या बायपोलर आजारात लिथियमचा दर्जा अजून कोणी हिरावून घेतलेला नाही, आणि आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या मोजक्या औषधांत त्याचे नाव अग्रभागी आहे. त्याचे पेटंट नाही, त्यामुळे ते खपवायला कोणी प्रतिनिधी डॉक्टरांच्या दारी येत नाही. रक्तातील पातळी सामान्यतः लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल राखायची असते आणि १.५ च्या पुढे विषबाधेची भीती असते. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात हा मामला नाजूक होतो. भर उन्हात शेतात राबणाऱ्याच्या अंगातले पाणी कमी झाले, जुलाब-उलट्या झाल्या, उपवासात मीठ बंद केले, किंवा गुडघेदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅकची पट्टी घेतली, की ही पातळी चढते. हात थरथरतात, जीभ जड होते, तोल जातो. गावात लोक म्हणतात ‘पिऊन आलाय’. अशा वेळी तासा-दोन तासांत पातळी कळायला हवी. आज जिल्ह्याच्या ठिकाणीही नमुना बऱ्याचदा पुण्या-मुंबईच्या खासगी प्रयोगशाळेला पाठवावा लागतो. तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणात दोन ओळींची भर घातली तरी पुष्कळ चुका टळतील : नमुना शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घ्यावा, आणि तो हिरव्या टोपणाच्या लिथियम-हेपॅरिनच्या नळीत कधीही घेऊ नये, कारण त्या नळीतलेच लिथियम रक्तात मोजले जाते आणि चांगल्या रुग्णाचे औषध विनाकारण बंद होते.

तिसरी मागणी ईसीटीची, म्हणजे लोक ज्याला ‘शॉक’ म्हणतात त्या उपचाराची. हिंदी सिनेमांनी त्याची जी भीती बसवली ती एकेकाळी अगदीच निराधार नव्हती. भूल न देता तो दिला जात असे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९५ ने ते बंद केले आहे : स्नायू सैल करणारे औषध आणि भूल यांच्याशिवाय ईसीटी देता येत नाही. ज्याने खाणे-पिणे-बोलणे सोडले आहे अशा, किंवा जीव देण्याच्या काठावर पोहोचलेल्या रुग्णाला याहून लवकर सावरणारा उपाय आजही क्वचितच आहे. जिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियांसाठी असतातच. आठवड्यातल्या दोन सकाळी त्यांचा वेळ याला मिळाला, तरी पुष्कळ काम होईल.

राज्यात चुंबकीय लहरींनी मेंदूला चालना देणारी टीएमएसची यंत्रे घेण्याची सूचना होते, तेव्हा माझा तिला विरोध नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेली, दिवसाला दहा सत्रे अशी पाच दिवसांत पुरी होणारी स्टॅनफर्डची पद्धत खरोखर लक्षवेधी आहे. पण नोकरीत असताना आलेली यंत्रे तंत्रज्ञाअभावी पेटाऱ्यातच राहिलेली मी पुष्कळ पाहिली आहेत. लिथियमची पातळी मोजता न येणाऱ्या रुग्णालयात टीएमएस बसवणे माझ्या मते क्रम चुकवणे आहे.

मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत, हे उत्तर मला अपेक्षित आहे, आणि ते खरेही आहे. म्हणूनच सगळा भार त्यांच्यावर टाकू नये. औषध सुरू जिल्ह्याच्या तज्ज्ञांनी करावे. पहिले १८ आठवडे उलटून रुग्ण स्थिर झाला की पुढच्या गोळ्या आणि रक्ततपासणी ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे सोपवावी, त्यांना कोणत्या आकड्याला काय करायचे याचे एक पानाचे मराठी पत्रक द्यावे आणि अडचण आली तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला दूरध्वनी करता येईल अशी व्यवस्था ठेवावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक धीर देण्यासाठी चांगला आहे. पेशी घसरल्याचा आकडा समोर असलेल्या डॉक्टरला त्याच घटकेला तज्ज्ञाशी बोलता यावे, ही सोय निराळी आहे आणि ती निराळी करावी लागेल.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्याच कलम १८ च्या उपकलम १० प्रमाणे अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधे सर्व मनोरुग्णांना, सर्व काळ, सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी संस्थेत मोफत मिळायला हवीत. महाराष्ट्रात याचा अर्थ ग्रामीण रुग्णालयापासून वर असा होतो. ‘सर्व काळ’ हे शब्द कायद्याचे आहेत, माझे नाहीत. त्या उपकलमात तपासणीचा उल्लेख मात्र नाही, आणि ती उणीव शासन निर्णयाने भरून काढणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

गरज किती मोठी आहे याचा राज्याचा स्वतःचा आकडा हाती असता तर बरे झाले असते. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या नोंदी आहेत, पण तिथवर न पोहोचलेल्यांची नोंद त्यांत कशी असणार? निदान एवढे तरी सहज करता येईल : किती रुग्ण क्लोझापिनवर आहेत, किती लिथियमवर, त्यांपैकी कितींची तपासणी वेळेत झाली आणि साठा किती दिवस शून्यावर होता, हे प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने, रुग्णाचे नाव न देता, दर तिमाहीला जाहीर करावे.

येत्या अर्थसंकल्पापूर्वी आपल्या विभागाने एक बैठक घ्यावी आणि तिला मानसोपचारतज्ज्ञांबरोबर प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माण अधिकारी आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाही बोलवावे, अशी विनंती आहे. बैठकीपूर्वी लिथियमचा इलेक्ट्रोड बसू शकेल असे ॲनालायझर राज्यात कोणत्या रुग्णालयांत आधीच आहेत, याची यादी मागवून ठेवली, तर पहिल्या तासातच कामाला सुरुवात करता येईल.

कळावे,

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ व रुग्णाची बहीण
मराठवाडा